अंगावर पाजणारा मासा

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला. उद्यापासून पाणी सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, टँकर वेळेवर येत नाहीत, जपून वापरा. मेसेज आला तेव्हा मी हॉलमध्ये गुडघ्यावर बसून माशांच्या टाकीतलं शंभर लिटर पाणी पाइपने बाथरूमच्या जाळीत सोडत होतो.

आई आठवडाभर माझ्याकडे वाकडला आली होती. ती सोफ्यावर बसून बघत होती. काही वेळाने एवढंच म्हणाली, "रोज इतकं टाकतोस?"

आम्ही लातूरचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं गेलं ते लातूर. त्याच्या आधी महिनाभर पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. मी तेव्हा इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर होतो, बातम्या फोनवर वाचत होतो. आई मात्र घागरी घेऊन रांगेत होती. भांडी विसळलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं पाणी संडासाला, हा हिशोब तिच्या हाताला अजून आहे. त्यामुळे तिच्या प्रश्नात राग नव्हता, पण मला उत्तर देता येईना.

मग मी हिशोब मांडला. माझी टाकी चार बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे साधारण अडीचशे लिटरची. तिच्यात सहा डिस्कस. डिस्कस म्हणजे ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, ताटलीसारखा गोल आणि चपटा मासा. इंटरनेटवरच्या सल्ल्याप्रमाणे मी रोज शंभर लिटर पाणी बदलत होतो, तेही आरओचं. माझं आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर सांडतं. म्हणजे रोजचे चारशे लिटर. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचा निकष माणशी रोज १३५ लिटर आहे. माझे सहा मासे जवळपास तीन माणसांचं पाणी पीत होते.

एका माशाला इतकं पाणी लागतं असं कोणी ठरवलं? हे शोधताना मी थेट दोनशे वर्षं मागे गेलो.

काचेची पेटी

मासा घरात ठेवण्याची कल्पना जुनी आहे. चीनमध्ये सोनमासे शेकडो वर्षं पाळले जात होते. पण ते हौदात किंवा भांड्यात, वरून बघायचे. काचेच्या पेटीत, समोरून बघण्याचा मासा ही एकोणिसाव्या शतकाची गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात एका शिंपिणीपासून होते.

झान विलप्र-पॉवर ही फ्रान्समधल्या खेड्यातली मुलगी. पॅरिसला जाऊन कपडे शिवायला लागली, राजघराण्यातल्या एका लग्नाच्या पोशाखाचं काम तिच्या हातून झालं, लग्नानंतर ती सिसिलीतल्या मेसिनाला गेली. तिथल्या समुद्रात अर्गोनॉट नावाचा, ऑक्टोपसच्या जातीचा प्राणी मिळतो. कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहणारा. हा शिंपला तो स्वतः बनवतो की शंख-खेकड्यासारखा दुसऱ्याचा बळकावतो, यावर मोठमोठे विद्वान भांडत होते. मेलेल्या नमुन्यांवर हे ठरणार नव्हतं. झानने १८३२ च्या सुमारास काचेच्या टाक्या करवून घेतल्या, त्यांत जिवंत अर्गोनॉट ठेवले आणि बघत बसली. शिंपला मोडला की प्राणी तो दुरुस्त करतो हे तिने पाहिलं. वाद मिटला. १८३८ मध्ये तिचा बराचसा संग्रह आणि कागद घेऊन निघालेलं जहाज बुडालं. त्यानंतर तिचं नावही बराच काळ पाण्याखालीच राहिलं.

तिच्या टाकीमागे समुद्र होता, ताजं पाणी हाताशी होतं. समुद्रापासून दूर, शहरात पाणी जिवंत कसं ठेवायचं? लंडनमधला रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० मध्ये याचं उत्तर मांडलं. त्याने एका भांड्यात दोन सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि सडकी पानं खाणाऱ्या गोगलगायी ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देते, मासे कार्बन डायऑक्साइड देतात, गोगलगायी साफसफाई करतात. पाणी न बदलता भांडं महिनोन्महिने चाललं.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत काचेच्या पेट्यांची लाट आली. लोक किनाऱ्यावर जाऊन जीव गोळा करत, घरी आणत, आणि आठवडाभरात पाण्याला वास सुटे. तीच लाट पुढे हळूहळू आपल्याकडेही पोचली. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. आमची शाळेची सहल तिथे गेली होती. रांगेत ढकलाढकली करत मी एका काचेला नाक लावून उभा राहिलो ते बाईंनी कॉलर धरून ओढेपर्यंत.

पाणी 'सेट' होणं

वास का सुटे, हे मला माझ्या पहिल्या चार डिस्कसनी शिकवलं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी बोनस मिळाला, शनिवारी टाकी आणली, मंगळवारी मासे. पुढच्या सोमवारपर्यंत चारही गेले. आधी काळे पडले, मग कोपऱ्यात तोंड वर करून धापा टाकू लागले. दुकानदार काका म्हणाले, "पाणी सेट झालं नव्हतं, दादा." पाणी स्वच्छ होतं, चकचकीत होतं. सेट म्हणजे काय?

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तो विषारी, पण डोळ्यांना दिसत नाही. वॉरिंग्टनला हवेचं गणित सुटलं होतं, अमोनियाचं नाही. ते सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने सोडवलं. मातीतला अमोनिया नायट्राइट आणि पुढे नायट्रेट कोण करतं हे शोधताना १८९० च्या सुमारास त्याने ते काम करणारे जिवाणू वेगळे काढून दाखवले. हे जिवाणू पाण्यात कमी तरंगतात. ते वाळूवर, दगडावर, स्पंजवर घर करतात आणि अगदी सावकाश वाढतात. म्हणून नव्या टाकीत मासे सोडण्याआधी चार ते सहा आठवडे फिल्टर चालू ठेवून, थोडा थोडा अमोनिया देऊन त्यांची वस्ती बसू द्यायची असते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि फक्त नायट्रेट चढताना दिसलं की पाणी सेट झालं.

गोष्ट अजून संपलेली नाही. शंभरहून अधिक वर्षं असं धरलं गेलं की एक जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. २०१५ मध्ये नायट्रोस्पायरा कुळातले असे जिवाणू सापडले की जे दोन्ही कामं एकटेच करतात. त्यातली एक वस्ती मत्स्यपालनाच्या टाकीला जोडलेल्या फिल्टरमध्ये मिळाली. म्हणजे ज्या स्पंजला मी कचरा समजून नळाखाली खसाखसा धूत होतो, त्यात टाकीतला सगळ्यात महत्त्वाचा जीव होता. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन नेमकं त्यालाच मारतं. मी पहिल्या आठवड्यात तो स्पंज दोनदा धुतला होता.

आगीतून उरलेला मासा

आता मासा. १८१७ मध्ये ऑस्ट्रियाची राजकन्या लिओपोल्डिना पोर्तुगालचा राजपुत्र पेद्रो याच्याशी लग्न करून ब्राझीलला निघाली. तिच्या निमित्ताने व्हिएन्नाहून निसर्ग-अभ्यासकांची एक मोहीम गेली. तिच्यात योहान नाटरर होता. बाकीचे परतले. नाटरर अठरा वर्षं तिथेच फिरत राहिला. बारा हजारांवर पक्षी, शिवाय प्राणी, मासे, आदिवासींच्या वस्तू असं सगळं तो पेट्या भरभरून व्हिएन्नाला पाठवत होता. रिओ नेग्रोच्या काठी, आज जिथे मनाउस शहर आहे तिथे, त्याला एक गोल, चपटा, उभ्या पट्ट्यांचा मासा मिळाला.

व्हिएन्नात योहान याकोब हेकेल याने त्या पेट्यांतले मासे तपासले आणि १८४० मध्ये या माशाला नाव दिलं, सिम्फिसोडॉन डिस्कस. डिस्कस म्हणजे चकती. रिओ नेग्रोच्या लोकांना तो आधीपासून ठाऊक होताच. तिथे त्याला 'अकारा' म्हणतात, आणि हा शब्द मूळ तुपी भाषेतला. शास्त्राच्या वहीत नोंद झाली ती १८४० मध्ये, इतकंच.

नाटरर १८४३ मध्ये गेला. स्वतःच्या प्रवासावर मोठं पुस्तक लिहायचं राहूनच गेलं. १८४८ च्या क्रांतीत व्हिएन्नाच्या राजवाड्याला आग लागली आणि त्याच्या टिपणांचा मोठा भाग जळाला. अठरा वर्षांचं डॉक्युमेंटेशन, बॅकअप नाही. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बसलो.

१९०४ मध्ये पॅरिसच्या जॅक पेलेग्रँ याने दुसरा प्रकार वेगळा काढला. १९६० मध्ये अमेरिकेच्या लेनर्ड शुल्ट्झने हिरवा, निळा, तपकिरी अशी विभागणी केली. नेमक्या जाती किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

दूध

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डिस्कस जहाजांतून जर्मनीत आणि अमेरिकेत पोचला. बघणारे वेडे झाले, पाळणारे रडकुंडीला आले. मोठा मासा कसाबसा जगे, अंडी घाली, पिल्लं मात्र मरून जात. त्याच्याच नात्यातल्या एंजल माशाची पैदास करणाऱ्यांची एक ठरलेली रीत होती: आईबाप अंडी खातात म्हणून अंडी काढून वेगळी उबवायची. डिस्कसलाही तीच लावली. अंडी फुटत, पिल्लं पोहू लागत आणि भरल्या अन्नात उपाशी मरत.

उत्तर पिल्लांना आईबापाजवळ ठेवल्यावर मिळालं. पोहायला लागलेली पिल्लं आईच्या किंवा बापाच्या अंगाला चिकटतात आणि त्वचेवरचा चिकट थर खातात. थोड्या वेळाने एक पालक अंगाला झटका देतो, पिल्लं दुसऱ्याकडे जातात. १९५९ मध्ये हिल्डेमन या अमेरिकन संशोधकाने हे शास्त्रीय नियतकालिकात मांडलं. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी तो थर तपासला. अंडी घातल्यावर त्यातली प्रथिनं वाढतात, पिल्लं आल्यावर रोगप्रतिकारक द्रव्यं वाढतात. पहिले दोन आठवडे पालक निमूट अंग देतात. तिसऱ्या आठवड्यात ते थोडा थोडा वेळ दूर पळू लागतात, आणि चौथ्यापर्यंत पिल्लं बाहेरचं खायला शिकलेली असतात. माणसाच्या घरात दूध तोडतात ना, तसंच.

हे मी वाचलेलं होतं. पण आई आली त्याच आठवड्यात माझ्याकडे ते घडलं. सहांपैकी दोघांनी जोडी जमवली होती. त्यांना दोन फुटी टाकीत वेगळं ठेवलं, मातीची कुंडी उपडी घातली. पहिल्या दोन वेळची अंडी त्यांनीच खाल्ली. तिसऱ्यांदा अंडी फुटली, आणखी तीन दिवसांनी मोहरीएवढी डोकी असलेली पिल्लं उठून नराच्या कुशीला लटकली.

मी आईला हाक मारली. ती चष्मा लावून काचेजवळ बसली.

"हे काय चावतायत त्याला?"

"चावत नाहीत गं. पितायत. दूधच म्हण."

"अंगावर पितायत?"

आपल्याकडे बाळाला अंगावर पाजतात. हा शब्द मी आयुष्यभर ऐकला होता, पण तो इतका शब्दशः खरा कधी पाहिला नव्हता. "आणि ही आई का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हा बाप आहे." ती हसायला लागली. "बाप पाजतोय! तुझ्या बाबांना फोन लाव."

शेतातले डिस्कस

पिल्लं जगवण्याचं कोडं सुटल्यावर पुढचं वेगाने घडलं. जर्मनीत एडुआर्ड श्मिट-फोके नावाच्या डॉक्टरांनी आणि अमेरिकेत जॅक वॉटली यांनी निवडक जोड्या लावून निळे आणि टर्कॉइज डिस्कस घडवले. मग हे काम आशियात आलं. मलेशियात पेनांगला डिस्कसची शेतं उभी राहिली. थायलंडमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'पिजन ब्लड' हा केशरी प्रकार आला. जंगली डिस्कसच्या अंगावरचे उभे पट्टे त्याच्यात दिसतच नाहीत. आज आपल्या दुकानांत दिसणारे बहुतेक डिस्कस अशा शेतांतले. माझे सहाही तसेच. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी ॲमेझॉन पाहिलेली नाही.

याची दुसरी बाजू रिओ नेग्रोकाठच्या बार्सेलोस गावात आहे. तिथली कित्येक कुटुंबं शोभेचे मासे पकडून जगत आली. दर वर्षी तिथे माशांचा उत्सव होतो. गाव दोन गटांत वाटलं जातं, एक कार्डिनल टेट्राचा, दुसरा डिस्कसचा, आणि नाचगाण्याची जुगलबंदी होते. १९८९ मध्ये सुरू झालेल्या 'पियाबा' प्रकल्पाचा मुद्दा साधा होता: माशावर पोट भरलं तर माणूस माशाचं जंगल तोडणार नाही. शेतातले मासे स्वस्त झाले तसं हे गणित अवघड झालं. मला वाटायचं, शेतातला मासा घेतला म्हणजे नदीवर उपकार केले. ते इतकं सरळ नाही.

मग किती पाणी?

रोज शंभर लिटर कोणी ठरवलं, त्याचं उत्तर इथे मिळालं. रिओ नेग्रोचं पाणी चहासारखं काळपट, आम्लधर्मी, त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. जंगली मासा आणला तर तसंच पाणी हवं, म्हणून आरओ. आणि शेतात शेकडो पिल्लं दाटीने ठेवून दिवसातून अनेकदा खाऊ घालतात, म्हणून रोज भरपूर पाणी बदलणं. नियम खरे होते, पण माझ्यासाठी नव्हते. माझ्याकडे ना जंगली मासे, ना शेकडो पिल्लं. मी दुसऱ्याच्या प्रॉडक्शनची सेटिंग्ज डोळे मिटून माझ्या घरी लावली होती.

मोठ्या झालेल्या, शेतात जन्मलेल्या डिस्कसला थोडं जड पाणी चालतं. त्याला बदल सोसत नाही. म्हणून मी आरओ बंद केलं. एकदम नाही, महिनाभरात हळूहळू साधं पाणी वाढवत. आता पाणी पिंपात रात्रभर ठेवतो, अँटी-क्लोरीन टाकतो, तापमान २९ अंशांच्या आसपास जुळवतो. दोन मोठे स्पंज फिल्टर, तेही टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचे. खाणं दिवसातून दोनदा, पाच मिनिटांत संपेल इतकंच. पाश्चात्त्य पुस्तकांत बैलाच्या हृदयाचा खिमा सांगतात. मी कोळंबी सोलून, वाटून, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो. आठवड्यातून तीनदा पन्नास लिटर पाणी बदलतो. रोजची सरासरी काढली तर एकवीस लिटर, म्हणजे बादलीभर. नायट्रेटची चाचणी दर रविवारी. वर्ष होत आलं, सहाही आहेत.

पण किंमत मोजावी लागली. जड पाण्यात डिस्कसची अंडी नीट फळत नाहीत. आरओ बंद केलं तेव्हापासून त्या जोडीने चार वेळा अंडी घातली, चारही वेळा ती पांढरी पडली. मादी दोन दिवस त्यांच्यावर पंख हलवत राहते. हे बघवत नाही. एका जोडीपुरतं, पंधरा दिवसांपुरतं आरओ चालू करावं असं प्रत्येक वेळी मनात येतं. अजून केलेलं नाही. पाऊस चांगला झाला, टँकर थांबले तर करीन, असं स्वतःला सांगून ठेवलंय.

जे पहिल्या खेपेचं जगलं, त्यातली अकरा पिल्लं मोठी झाली आणि माशांच्या छंदातल्या मित्रांकडे गेली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मनाउसच्या बंदरावर रिओ नेग्रोची पातळी इतकी खाली गेली की १९०२ पासूनच्या नोंदींत तशी कधी नव्हती. पुढच्याच वर्षी ती त्याहून खाली गेली. २०२३ च्या त्या नीचांकाआधी थोडेच दिवस तेफे सरोवराचं पाणी दुपारी ३९ अंशांच्या वर तापलं होतं. शंभराहून अधिक डॉल्फिन मेले. तेफे हे हिरव्या डिस्कसचं घर आहे. माझ्या टाकीत पारा ३३ वर गेला की मी पंखा लावून धावाधाव करतो. लातूरला रेल्वेने पाणी नेता आलं. नदीलाच पाणी कुठून आणणार?

या काळजीत माझ्या एका टाकीने काही फरक पडत नाही, हे मला कळतं. पण पाइप आता बाथरूमच्या जाळीत जात नाही. टाकीतलं पाणी बादल्यांत भरून मी गॅलरीतल्या झाडांना घालतो. नायट्रेट म्हणजे झाडांचं खाणंच. उरलेलं सोसायटीच्या बागेत माळीदादा नेतात. पहिल्यांदा त्यांनी बादलीचा वास घेतला होता. आता आठवड्यातून तीनदा तेच विचारतात, "मच्छीचं पाणी आहे का, साहेब?"

जाताना आईने एक कढीपत्त्याचं रोप लावून दिलं होतं. ते आता कमरेइतकं झालंय. तिचा फोन रविवारी येतो. आधी विचारते, "पाणी येतंय का?" मग विचारते, "तो बाप बरा आहे का?"